घासलेली पुंगळी

लातूर,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. पुनम,

काल रविवार म्हणून तुला फोन लावला. बंद. जेवण करून पुन्हा लावला, तरी बंद. तिकडं मुखेडहून सिंधुनं, तुझ्या आईनं लावला, तिचीही तीच गत. तिचं म्हणणं, पोरगी आजारी पडली असेल. मी म्हणालो, पोरीचा नेम लागायला लागलाय, आता ती आपल्यासारख्यांचे फोन कशाला उचलते! तेवढ्यावर ती माझ्यावर चिडली आणि फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. बऱ्याच वर्षांनी लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

मागच्या रविवारी तुझ्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या गेटाबाहेर, लिंबाखाली, तू रुमालातून गोळीची ती रिकामी पुंगळी काढून माझ्या हातावर ठेवलीस. "मामा, टार्गेटच्या मधल्या काळ्यात बसलेली माझी पहिली गोळी. तिची हाय ही." एवढंच बोललीस आणि माझी मूठ मिटून टाकलीस. बसमध्ये अहमदपूरपर्यंत मी खिशात हात घालून बसलो होतो. शेजारच्याला वाटलं असेल, म्हातारा पाकीट सांभाळतोय. तू म्हणालीस कुणाला सांगू नका, म्हणून फक्त तुझ्या मामीला सांगितलं. नागाबाईनं ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाली, "अगं माय, किती काळी ही!"

काळी तर असणारच. बंदुकीच्या दारूचा धूर बसतो. पण पितळ काळं पाहिलं की माझ्या हाताला चैन पडत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. बैलांची घुंगरं असोत, माहूरच्या दुकानदारांच्या समया असोत, नाहीतर नेमबाजी क्लबच्या पुंगळ्या. क्लबचं काम आता दर महिन्याला येतं. त्यांत पुन्हा दारू-गोळी भरण्याचं काम क्लबचे वीरण्णा करतात, क्लबच्याच खोलीत, त्यांच्याकडं तसा परवाना आहे. माझ्याकडं नुसतं धुणं आणि घासणं. चिंच-रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, वाळवायच्या, मग ड्रममध्ये तुरीचा कोंडा घालून फिरवायच्या. डाळमिलचा कोंडा इथं हवा तेवढा मिळतो. वीरण्णा म्हणतात, बाहेरून मागवलेल्या भुशानं सुद्धा अशी चमक येत नाही.

तुझी पुंगळी या गुरुवारी क्लबच्या मालाबरोबर ड्रममध्ये घालणार आहे. खंडेनवमीला आपण ड्रमची, मोटारीची, ठोकाठोकीच्या सामानाची पूजा करतो ना, तेव्हा यंदा सगळ्यांच्या वर तुझी पुंगळी ठेवायची.

साहेबांना विचारूनच घेतली असशील. क्लबात वीरण्णा एकेक पुंगळी मोजून देतात आणि मोजून घेतात, म्हणून आपलं मनात आलं. तब्येत सांभाळ आणि फोन कर.

तुझा,
केरबामामा

*

नांदेड,
बुधवार, १७ सप्टेंबर

ती. मामांना पुनमचा नमस्कार.

तुमचं पत्र आत्ता झेंडावंदनाहून आल्यावर मिळालं. मामा, ती ड्रममध्ये घालू नका. हे पत्र मिळेल तेव्हा हातात जे काही असेल ते ठेवा आणि आधी ती बाजूला काढा.

मी आजारी नाही. सगळ्यांचेच फोन जमा केले आहेत. भेटीही बंद. फायरिंग रेंजवरच्या पुंगळ्यांत एक कमी भरली आहे. आमच्या नेमबाजीच्या दिवशी पाऊस आला म्हणून मोजणी घाईत झाली होती. नंतर कोठीत पुन्हा मोजल्या तेव्हा कळलं. इथं एक पुंगळी हरवणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला बाहेर राहून कळणार नाही. ती सापडेपर्यंत कुणालाच सुटका नाही.

पुंगळ्या गोळा करायची पाळी त्या दिवशी अयोध्याची होती. लोह्याकडची आहे, माझ्या शेजारचाच पलंग. तिची चौकशी लागली आहे. तिला रोज ऑफिसात बोलावतात आणि तेच तेच विचारतात.

साहेबांना विचारलं का, असं तुम्ही लिहिलंय. नव्हतं विचारलं. मामा, मला वाटलं होतं एका पुंगळीनं काय होतंय. आता मी सांगणार आहे, पण ती हातात आली म्हणजे. रिकाम्या हातानं कशी जाऊ?

तर ती जशी आहे तशी ठेवा. धुऊ नका, पुसूसुद्धा नका, धूर लागलेली तशीच कागदात गुंडाळून ठेवा. टपालानं पाठवू नका, साधी पत्रं तशीच मिळतात पण पाकिटात काही जड लागलं की इथं उघडतात. भेटी सुरू झाल्या की घेऊन या. आईला यातलं काही कळू देऊ नका.

तुमची,
पुनम

*

लातूर,
सोमवार, २२ सप्टेंबर

चि. पुनम,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ड्रम गुरुवारीच फिरवला होता.

नुसता फिरवला असता तरी एक वेळ बरं होतं. पुंगळीच्या बुडाशी टोपी असते, ती तुला माहीत आहे, पिन तिच्यावरच आपटते. क्लबच्या मालातल्या जळक्या टोप्या मी आधी ठोकून काढतो, म्हणजे आतलं बूडही साफ होतं. हाताला सवय झाली आहे. बाकीच्यांबरोबर तुझीही काढली. ती डब्यात पडली, डब्यात सगळ्या सारख्याच. नंतर नागाबाईनं सुईनं भोकात अडकलेला कोंडा काढला आणि तुझी वेगळी करून देवापुढं ठेवली. बुडावरचे आकडे वेगळे आहेत म्हणून तिला ओळखू आली. आज घट बसले. घटाशेजारी ती ठेवलेली आहे, सोन्याची असावी अशी दिसते आणि मला तिच्याकडं बघवत नाही.

पुनम, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. म्हणजे होतो, शनिवारी फार होतो, भाकरी तशीच ठेवून उठलो. मग वाटलं, पोरीचा पहिला नेम, तिला मोह झाला. आपल्या घरात कुणी सरकारी बंदूक हातात धरली होती? मी पण त्या पुंगळीला खिशात कुरवाळत आलोच की.

पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट मला बोचायला लागली. तुला ती काळीच का पाहिजे?

साहेबांना सांगायचंच असेल तर काळी काय नि पिवळी काय. "साहेब, मी घेतली होती, मामानं येड्यानं घासली," एवढं म्हटलं की झालं. पुसूसुद्धा नका, धूर लागलेलीच ठेवा, हे सांगायला नाही लागत. हे लागतं कुठं, तर गुपचूप नेऊन गवतात टाकायची असेल तिथं. मग कुणाला तरी ती सापडते, सगळे सुटले म्हणतात, आणि कुणी घेतली होती ते कुणाला कळतच नाही. माझं चुकत असेल तर मला दोन शिव्या घालून पत्र लिही. मी आनंदानं वाचीन.

आणि ऐक. टोपी काढून घासलेली पुंगळी म्हणजे नव्यानं भरायला तयार झालेली पुंगळी. ती आता कुठंही सापडली तर पहिला प्रश्न येईल, ही कुठं भरायला चालली होती? वीरण्णांच्या तोंडून हे मी किती वेळा ऐकलंय. म्हणजे आपण दोघांनी मिळून साध्या गोष्टीचं काय करून ठेवलंय बघ.

तू साहेबांकडं जा. रिकाम्या हातानं जा.

तुझा,
मामा

*

नांदेड,
गुरुवार, २५ सप्टेंबर

मामा,

तुम्हाला शिव्या घालायला मला जागाच ठेवली नाहीत.

हो. गवतातच टाकणार होते. रेंजच्या डाव्या हाताला दगडांची रांग आहे, तिथं गवत गुडघ्याएवढं वाढलंय. तिथं टाकली असती आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी दिसली असती. मी जागासुद्धा ठरवून ठेवली होती. आणि तुम्हाला मात्र लिहिलं, साहेबांना सांगणार आहे.

आता सगळंच सांगते. पुंगळी कमी आहे हे कळलं त्या दिवशी आमच्या सगळ्या तुकडीला रेंजवर नेलं. ओळीनं गुडघ्यावर बसवलं आणि हातानं गवत चाळत पुढं सरकायला लावलं. चिखल होता. अयोध्या माझ्या उजव्या बाजूला होती. तिच्या कोपराला काहीतरी कापलं होतं, रक्त येत होतं, तरी ती थांबत नव्हती. मध्येच मला म्हणाली, "पुनम, तू नीट बघून राहिलीस ना? माझी नजर आता ठरंना गेलीय." मी हाव म्हणाले. मामा, मी हाव म्हणाले आणि गवत चाळत राहिले. तेव्हा पुंगळी तुमच्या घरी होती. मी खोटं खोटं शोधत होते, तिच्या शेजारी, आणि सगळ्यांच्या पुढं माझं नाव घेऊन आमचे शिकवणारे उस्ताद म्हणाले, "पुनम जैसे ढूंढो सब."

त्यानंतर तर मला सांगताच येईना. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक झाली एवढंच झालं असतं. रांगून झाल्यावर कशी सांगू?

अयोध्या आता जेवत नाही. तिला वाटतं तिच्याकडूनच पडली, पोतं उचलताना. ती चौकशीत सुद्धा तेच म्हणते, "माझ्याकडूनच पडली असेल साहेब." बुधवारपर्यंत सापडली नाही तर तिच्या वडलांना बोलावून घेणार आणि तिला घरी पाठवणार, असं ऑफिसातल्या बाईनं सांगितलं. तिच्या घरी बापाचं गुडघ्याचं दुखणं आहे, पाठच्या दोघी शिकतात, नोकरीला लागलेली ती एकटी.

मामा, एक करा. क्लबच्या पोत्यात अजून न घासलेल्या काळ्या पुंगळ्या असतीलच. आमच्यासारख्याच आकाराची एक द्या. फक्त एक. कशीतरी पाठवा, बुधवारच्या आत. सापडली की अयोध्या सुटेल, मी सुटेन, आणि तुमची ती चकाकणारी तुम्ही नदीत टाकून द्या. बुडावरचे आकडे कोण बघतंय? मी पाया पडते.

पुनम

*

लातूर,
शनिवार, २७ सप्टेंबर

पुनम,

पत्र आज आलं. लगेच लिहितोय, सोमवार-मंगळवारी तरी तुला मिळावं.

मी उठलो आणि क्लबचं पोतं उघडलं. तुला कळू दे म्हणून सांगतो, मी ते उघडलं. एक काळी पुंगळी घेतली, बुडाकडं बघितलं. वेगळे आकडे, वेगळं साल. मग वाटलं, दिव्यावर धरून काजळी बसवली तर आकडे झाकतील. चिमट्यात धरून समईपर्यंत नेली पण. घटाची समई! नागाबाई मागं उभी होती, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "काय करून राहिलात वो?"

मी म्हणालो, "पोरीला वाचवून राहिलो."

ती म्हणाली, "आन वीरण्णाच्या पोत्यात एक कमी भरली तर तिथं कुणाला रांगायला लावणार?"

मी पुंगळी परत टाकली आणि पोत्याचं तोंड शिवलं. आपण काय करायला निघालो होतो याची मला स्वतःची भीती वाटली.

बुडावरचे आकडे कोण बघतंय, असं तू विचारतेस. पहिले तेच बघतात. आणि तसली पुंगळी रेंजवर सापडली म्हणजे बाहेरून आणून टाकली, एवढं कुणालाही कळेल. मग ती अयोध्याच्या डोक्यावर बसेल.

तर आता मी ठरवलंय ते ऐक. बुधवारी खंडेनवमी आहे. सकाळच्या एसटीनं मी तुझी पुंगळी घेऊन निघतो आणि थेट तुमच्या साहेबांपुढं ठेवतो. भेट बंद असली तरी गेटावर बसून राहीन. मी सांगणार की भेटीच्या रविवारी कुंपणाजवळ पडलेली मला दिसली, पितळ दिसलं म्हणून उचलली, घरी नेऊन घासली. पितळवाला माणूस आहे, कुणालाही पटेल. तुझं नाव येणार नाही, अयोध्याचं सुटेल. माझ्यावर काय लिहायचं ते लिहू देत. क्लबचं काम जाईल, जाऊ दे, बैलांची घुंगरं तर कुणी बंद करत नाही.

तू गप्प बस. आजवर बसलीस तशी अजून चार दिवस बस.

हे शेवटचं वाक्य मी रागानं लिहिलंय. खोडणार होतो, पण राहू दे.

मामा

*

नांदेड,
मंगळवार, ३० सप्टेंबर

मामा,

हे पत्र गेटावरच्या हवालदारांकडं ठेवते आहे. तुम्ही आलात की ते देतील. आत यायच्या आधी वाचा.

तुमचं पत्र दुपारी मिळालं. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि तशीच ऑफिसात गेले. बेल्टसुद्धा नीट नव्हता, बाहेरच्या बाई ओरडल्या. साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. साहेब म्हणाले, "बोल, काय तक्रार आहे?" मी म्हणाले, "तक्रार नाही साहेब. पुंगळी मी घेतली."

त्यांनी कागद पुढं सरकवला. मी सगळं लिहून दिलं. मोह झाला हे लिहिलं, तुम्हाला दिली हे लिहिलं, तुम्ही काही माहीत नसताना घासली हे लिहिलं. गवतात टाकणार होते तेही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती, पण अर्धं लिहून माझं काय झालंय ते बघतेच आहे. क्लबमधली पुंगळी मागितली होती तेवढं मात्र लिहिलं नाही. त्यात तुमचं आणि वीरण्णांचं नाव आलं असतं. ते तुम्हाला विचारलं तर सांगा, नाही तर नका सांगू, मला कळत नाही.

मामा, तुम्ही माझ्यासाठी पोलिसांच्या ऑफिसात उभं राहून चोर म्हणवून घेणार होता. तुम्हाला काय वाटलं, मी तशी नोकरी करीन? रोज ती वर्दी घालताना मला तुमचं तोंड दिसलं असतं.

खोटं बोलू नका. पुंगळी द्या, खरं सांगा आणि घरी जा. माझं काय होईल ते अजून कळलं नाही. अयोध्याला संध्याकाळी बोलावून सांगितलं. ती बराकीत आली, पलंगावर बसली, माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. ती एवढंच म्हणाली, "तू माझ्या बाजूला रांगून राहिली होतीस, पुनम." मग भिंतीकडं तोंड करून झोपली.

तुमची,
पुनम

*

लातूर,
शनिवार, ४ ऑक्टोबर

चि. पुनम,

तुझं पत्र मला मिळालं, पण कधी, ते ऐक. गेटावर माझं नाव सांगितल्याबरोबर दोघं जण मला सरळ साहेबांकडंच घेऊन गेले. हवालदार पत्र हातात धरून मागून येत होता आणि मला वाटलं तो मला पकडायला येतोय, म्हणून मी अजूनच भराभर चाललो.

साहेबांपुढं पुंगळी ठेवली आणि मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. भेटीचा रविवार, कुंपण, पितळ दिसलं, उचललं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठल्या बाजूच्या कुंपणाजवळ?"

मी म्हणालो, "पूर्वेच्या."

"पूर्वेला कुंपण नाही. तलाव आहे."

मी म्हणालो, "मंग पश्चिमेच्या असंल साहेब."

त्यांनी खणातून तुझा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. तुझं अक्षर ओळखीचं. मी खुर्चीवर बसलो, कुणी बस म्हटलं नव्हतं तरी. तेवढ्यात हवालदारानं तुझं पत्र दिलं. ते तिथंच वाचलं. वाचताना मला रडू आलं, पुनम. परक्या ऑफिसात, तीन-चार माणसांपुढं, मी लहान लेकरासारखा रडलो. लाज वाटली की अभिमान वाटला, काय सांगू, दोन्ही एकदमच आलं.

मग मी खरं ते सगळं सांगितलं. समईवर काजळी धरायला निघालो होतो तेही. ते सांगितल्याशिवाय मला उठवत नव्हतं. ती काजळी तुझ्याचसाठी होती, आता तुझ्यावर काय येईल ते मीच आणलं. वीरण्णांना यातलं काही माहीत नव्हतं हे दोनदा लिहून घ्यायला लावलं.

साहेबांनी पुंगळी उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हिची टोपी कुठं आहे?" मी पिशवीतून डबा काढला. त्या फेरीतल्या सगळ्या जळक्या टोप्या मी डब्यासकट घेऊन गेलो होतो. यातच आहे साहेब, कुठली ते मला सांगता येत नाही, म्हणालो. त्यांनी डब्यात बोट फिरवलं, झाकण लावलं आणि तोही जमा करून घेतला. आकडे जुळवून पुंगळी पोत्यात टाकायला सांगितली. माझ्यासमोरच टाकली. बाकी सगळ्या काळ्या, त्यांत ती एकटी लखलखत होती, आणि त्या वेळी मला माझ्या हाताच्या कामाचा पहिल्यांदा राग आला.

वीरण्णांना मी आल्या आल्या सांगितलं. ते क्लबचं पोतं घेऊन गेले. "चौकशी संपू द्या, मग बघू," म्हणाले. ते बरोबरच आहे. खंडेनवमीची पूजा नागाबाईनं एकटीनं केली होती, ड्रमला हळदीकुंकू लावलेलं अजून तसंच आहे.

तुझ्या आईला मी सांगितलं. फोनवर नाही, मुखेडला जाऊन. ती आधी माझ्यावर ओरडली, मग तुझ्यावर, मग चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

काय ठरतं ते कळव. घरी यावं लागलं तर सरळ ये, तोंड लपवू नकोस.

तुझा,
मामा

*

नांदेड,
रविवार, १४ डिसेंबर

ती. मामा आणि मामी,

काल तुकडीचा दीक्षान्त समारंभ झाला. माझा नाही. मला पुढच्या तुकडीत टाकलंय हे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्यापासून सगळं. शिवाय सेवापुस्तकात वर्षभर शेरा राहणार. नोकरी राहिली, हे साहेबांनी एकदाच सांगितलं आणि वर म्हणाले, "तू आपल्या पायानं आलीस म्हणून. नंतर सापडली असतीस तर राहिली नसतीस."

नव्या तुकडीत पुंगळ्या गोळा करायचं काम कायमचं माझ्याकडं आहे. शिक्षा म्हणून दिलंय. मी एकेक उचलते, मोजते, उस्तादांपुढं पुन्हा मोजते. गरम असतात. बोटं काळी होतात.

काल आम्हा नव्या मुलींना पाहुण्यांना पाणी द्यायला उभं केलं होतं. अयोध्या तिसऱ्या रांगेत होती. इतके दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. सरक, बादली दे, एवढंच. मी माफी मागितली तेव्हा ऐकून घेतली आणि बादली भरायला गेली. मला वाटायचं, चिडावं तिनं, चार लोकांत अपमान करावा. तेही केलं नाही.

कवायत संपल्यावर तिची आई आली होती, लोह्याहून, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी पाणी घेऊन गेले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि माझा हात धरला. "तूच का पुनम? शेजारच्या पलंगावरची? अयोध्या पहिल्या महिन्यात फोनवर सारखं तुझंच सांगायची." घरी तिनं चौकशीचं काहीच सांगितलेलं नव्हतं, मामा. एक शब्द नाही. गाठोडं सोडून त्यांनी धपाटं काढलं, दही लावलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग अयोध्याकडं वळून म्हणाल्या, "हीच ना गं तुझी जोडीदारीण?"

अयोध्या वर्दीत उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. मला वाटलं आता सांगेल. सांगायला पाहिजे होतं तिनं, तिचा हक्कच होता. मी धपाटं हातात धरून तशीच उभी राहिले. तिची आईसुद्धा वाट बघत होती.

"हाव माय," अयोध्या म्हणाली, "हीच हाय."

आणि टोपी काढून तिथंच आईशेजारी बसली. मला बस म्हणाली नाही. पण थोडी सरकली. मी बसले. धपाटं खाल्लं, सगळं.

तुमची,
पुनम